पगारचिठ्ठी न वाचलेले साहित्य

आमच्या इंदूरच्या वाचनमंडळात मध्यंतरी जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाचे वाचन झाले. वाचन संपल्यावर रीतीप्रमाणे चर्चा सुरू झाली. कुणी संवादांतील गिरणगावच्या बोलीविषयी बोलले, कुणी आईच्या व्यक्तिरेखेविषयी. एका प्राध्यापक सभासदांनी वास्तववादी रंगभूमीच्या परंपरेत या नाटकाचे स्थान कोणते याचा ऊहापोह केला. मागच्या रांगेत एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. इथल्याच एका गिरणीच्या साचेखात्यात त्यांची सारी उमर गेली. अध्यक्षांनी आग्रह केला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, “नाटक फार चांगलं आहे, साहेब. रडू आलं. पण या घरात महिन्याला येत होतं किती अन् जात होतं कुठं, ते काही समजलं नाही.”

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. घरी येताना मात्र तो प्रश्न आमच्या मनातून हलेना. नाटकाच्या बाजूने त्याचे उत्तर देता येते: १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेल्या संपानंतरच्या काळातले ते घर आहे, तिथे यायचे थांबले आहे, हाच तर नाटकाचा विषय. तरीही उत्तर पुरे पडत नाही. आम्ही पुढे कपाटातली पुस्तके एकेक करून काढली आणि त्या गृहस्थांचा प्रश्न प्रत्येकाला विचारून पाहिला. मराठीतील श्रमिकांच्या साहित्याविषयी आम्ही आजवर जे बोललो आणि लिहिले, त्यात वेदना होती, विद्रोह होता, जाणीव होती, पगार नव्हता. पगाराचा अभाव होता, पगार नव्हता. या लेखात आम्ही साहित्याची जितकी उलटतपासणी करणार आहोत, तितकीच आमच्यासारख्या समीक्षकांचीही.

प्रारंभ मात्र असा नव्हता. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे कारण त्यांनी नशिबात शोधले नाही, नुसत्या सावकाराच्या दुष्टपणातही नाही. मिठावरचा कर, म्युनिसिपालिटीची जकात, लोकल फंड, सरकारी कामगारांचे भरमसाट पगार आणि पेन्शनी अशी एकेक गळती ते बोट ठेवून दाखवतात. पैसा कुठल्या वाटेने घरात येतो आणि कुठल्या चोरवाटांनी बाहेर जातो, हे त्या ग्रंथात गद्याच्या ओघातच येते. हिशेब वेगळा आणि संताप वेगळा अशी विभागणी तिथे नाही. फुल्यांचा संताप हिशेबातूनच चढत जातो. मराठी गद्यात ही गोष्ट एकदा साधली होती, हे आम्ही विसरलो.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. या अर्जातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती १८९० मध्ये मान्य झाली आणि शाळेच्या पुस्तकात गेली. त्याच अर्जात आणखी एक मागणी आहे, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही: कामगाराचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. वरवर पाहता ही मागणी किरकोळ वाटेल. पण वाण्याची उधारी महिनाअखेरीस चुकती करायची असते आणि चुकली नाही तर पुढच्या किराण्याचा भाव वाण्याच्या मर्जीवर ठरतो. पगार थकला की पठाणाकडून किंवा मारवाड्याकडून व्याजाने उचल करावी लागते. पगाराचा आकडा तोच राहतो आणि पगार कमी होतो. पगार उशिरा देणे ही पगारकपातच आहे, हे लोखंड्यांना कळले होते. कायद्याला ते कळायला १९३६ साल उजाडले. त्या वर्षीच्या वेतन प्रदान कायद्याने हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत पगार देण्याचे बंधन घातले.

फुले-लोखंड्यांनंतर काय झाले? आमच्या मते वाटणी झाली. आकडे अर्थशास्त्रज्ञांच्या वाट्याला गेले आणि अश्रू साहित्यिकांच्या. ही वाटणी किती पक्की होती याचे एक उदाहरण म्हणजे गंगाधर गाडगीळ. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नवकथेचे अग्रणीही. त्यांच्या कथेत मध्यमवर्गीय मनाचे इतके बारीक विणकाम आहे की त्याला तोड नाही. पण वर्गात ते जो विषय शिकवत, त्याला या कथेत फारसा शिरकाव मिळाला नाही. आम्ही हा दोष म्हणून सांगत नाही. एकाच माणसाच्या दोन टेबलांमध्ये केवढी भिंत उभी राहू शकते, एवढेच दाखवतो.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या बडोद्याच्या वाचकांना गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीची कथा सांगायला नको. त्या शिष्यवृत्तीने सुरू झालेल्या अध्ययनाचा पुढे कळस झाला तो या ग्रंथात. पण वाङ्मयीन वर्तुळात हा ग्रंथ नुसता नावाने माहीत असतो. त्यातील एक सूत्र आमच्या विषयाला थेट भिडते. रुपयाचा परदेशी भाव उतरला की निर्यात करणाऱ्याला अधिक रुपये मिळतात आणि देशाला फायदा झाला असा डांगोरा पिटला जातो. आंबेडकर विचारतात, हा फायदा येतो कुठून? किमती चढतात आणि मजुरी त्यांच्या मागून रखडत चालते. त्या मधल्या अंतरातून तो येतो. म्हणजे परदेशातून देशात काही आले नाही. देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेले. आता गिरणीतल्या साच्यावर उभा असलेला माणूस आणि लंडनच्या बाजारातला रुपयाचा दर यांच्यामध्ये एवढा सरळ धागा असताना, आमच्या गिरणगावच्या साहित्यात तो धागा कुणी ओढून पाहिला? मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून कामगार मराठी कादंबरीत आला असे आपण म्हणतो. तो आला हे खरे. पण दराच्या, कराच्या, निर्देशांकाच्या वाटेने त्याच्या घरात जे शिरते, ते बहुधा उंबऱ्याबाहेरच राहिले.

निर्देशांक हा शब्द इथे आला, तेव्हा त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. साहित्याच्या त्रैमासिकात हा शब्द खडा लागल्यासारखा वाटेल याची आम्हांला कल्पना आहे. पण आमचा असा दावा आहे की गिरणीकामगारांच्या तीन पिढ्यांच्या आयुष्यात ‘प्रेम’ या शब्दाइतकेच नाट्य या शब्दात भरलेले होते. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत पगारांचे मानकीकरण झाले. सव्वीस दिवसांचे किमान मूळ वेतन ठरले ३० रुपये. पुढे महागाई वाढत गेली तसा वाढला तो महागाई भत्ता. मूळ वेतन मागे पडले आणि पगाराचा मोठा भाग भत्त्याचाच झाला. हा भत्ता ठरायचा राहणीखर्चाच्या निर्देशांकावर. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून हा निर्देशांक काढायला सुरुवात केली होती. याचा अर्थ असा की कामगाराचा पगार मालकाइतकाच सरकारी कचेरीतला एक तक्ता ठरवू लागला. तांदळाचा भाव किती धरायचा, तो रेशनच्या दुकानातला धरायचा की कामगार प्रत्यक्षात जिथे घेतो त्या बाजारातला धरायचा, खोलीभाडे कोणत्या सालचे धरायचे, यावर लाखो घरांतली चूल कमी किंवा जास्त पेटणार होती.

१९६३ मध्ये मुंबईच्या कामगार संघटनांनी याच मुद्द्यावर रान उठवले. निर्देशांक खरी महागाई लपवतो, असा त्यांचा आरोप होता. त्यावर बंद झाला, मोर्चे निघाले. सरकारला डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली आणि कामगारांच्या तक्रारीत तथ्य असल्याचे निष्पन्न झाले. विचार करा: निरक्षर म्हणून ज्यांची आपण कीव करतो, त्या माणसांनी संख्याशास्त्रातली चूक पकडली. बायकोने आणलेल्या पिशवीचे वजन आणि सरकारी तक्ता यांचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या आधी लक्षात आले, समितीच्या नंतर. एखाद्या कादंबरीकाराला याहून मोठा प्रसंग कोणता हवा? भाऊ पाध्यांनी १९६० मध्येच ‘डोंबाऱ्याचा खेळ’ लिहून कामगार चळवळीच्या आतल्या घडामोडी कादंबरीत आणल्या होत्या. रस्ता मोकळा झाला होता. त्या रस्त्याने निर्देशांकापर्यंत मात्र कुणी पोचल्याचे आमच्या वाचनात नाही.

याच काळातला आणखी एक दस्तऐवज आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगू. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र मंजूर केले. त्या सूत्रातले कुटुंब असे: मिळवता एक, आणि त्याच्यासह खाणारी तीन ‘एकके’. प्रौढ पुरुष म्हणजे एक एकक, स्त्री म्हणजे शून्य पूर्णांक आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. बेरीज बरोबर तीन. दर एककाला दिवसाला २,७०० उष्मांक. चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. शिक्षण नाही, औषध नाही, लग्न नाही, म्हातारपण नाही. या गोष्टींसाठी पंचवीस टक्क्यांची भर घालायला सर्वोच्च न्यायालयाचा रेप्टाकोस ब्रेट खटल्यातील निकाल यावा लागला, तो १९९१ मध्ये.

आम्हांला हा तक्ता वाचताना नेहमी वाटते की यात एक अख्खी कथा दडलेली आहे. तक्त्यातल्या कुटुंबात आई नाही, म्हणजे नवऱ्याची आई नाही. गावाकडचा बाप नाही. मनीऑर्डर नाही. बायको शून्य पूर्णांक आठ आहे आणि तिची मिळकत मुळात धरलेलीच नाही, मग ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात असो की खाणावळ चालवत असो. दिवसभर कापड विणणाऱ्या माणसाच्या घराला वर्षाकाठी ७२ वार, त्यात बायकोचे नऊवारी. ‘अधांतर’मधल्या घरात आई आहे, लेखक होण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा आहे, टोळीत गेलेला मुलगा आहे, या सूत्रात त्यांतल्या कुणाकुणाला जागा होती, असा विचार करत आम्ही ते नाटक पुन्हा वाचले. तेव्हा प्रथमच लक्षात आले की तरुण मुलगा घरात बसून राहणे, ही गोष्ट या घराला मानसिक ताणाच्या आधी अंकगणिताने फोडते. नाटककाराला हे ठाऊक असणारच. समीक्षेने ते कधी विचारले नाही, एवढेच.

इथे एक आक्षेप येणार. साहित्य म्हणजे हिशेबवही नव्हे. नारायण सुर्व्यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांकडून भाकरीच्या भावाची यादी मागणे हा अरसिकपणा ठरेल. मान्य आहे. कवितेकडून आम्ही ती मागत नाही. सुर्व्यांच्या कवितेत काम करणारा माणूस आपल्या पायांवर उभा राहून बोलतो, एवढे पुरेसे आहे. पण कथा-कादंबरी-नाटकाचे तसे नाही. बाल्झाकच्या कादंबऱ्यांत कर्ज, व्याज आणि वारसा यांचे आकडे आल्याने त्या रूक्ष झाल्या नाहीत. खुद्द मराठीतही जिथे मजुरीचा दर आला आहे, तिथे लेखन चढलेलेच आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घ्या. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ नंतरच्या लढ्याचे हे अनुभवकथन. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, ही त्या लढ्याची मागणी. वेठीविरुद्ध उठलेला माणूस आधी ‘नाही’ म्हणायला शिकतो आणि मग ‘इतके’ म्हणायला शिकतो. हे दुसरे शिकणे अधिक अवघड, कारण ‘इतके’ म्हणण्यासाठी आपल्या दिवसाची किंमत आपण ठरवावी लागते. परुळेकरबाईंनी ते नोंदवले, म्हणून त्या पुस्तकातली जागृती भाषणबाजी वाटत नाही.

दया पवारांनी तर आपल्या आत्मकथनाचे नावच ‘बलुतं’ (१९७८) ठेवले. बलुते ही मुळात मोबदल्याचीच एक पद्धत: वर्षभर गावकी करायची आणि सुगीला धान्याचा वाटा मागायचा. या मोबदल्याला दर नाही, मुदत नाही, पावती नाही. दात्याची मर्जी आहे. त्या शीर्षकावर आम्ही अनेक लेख वाचले. जातिव्यवस्थेचे रूपक म्हणून त्याचे विवेचन पुष्कळ झाले. पण मजुरी आणि भीक यांच्यातील सीमारेषा पुसणारी वेतनपद्धती म्हणून त्याच्याकडे कमी पाहिले गेले. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते नेमके ही सीमारेषा आखण्यासाठी.

मध्यमवर्गाने मात्र आपल्या पगाराविषयी विपुल लिहिले, आणि तेही हसत. बडोद्याला राहून चिं. वि. जोशींनी चिमणराव उभा केला, पु. ल. देशपांड्यांनी ‘असा मी असामी’मधला कारकून. महिनाअखेर, वाणी, भाड्याची खोली, साहेबाची मेहेरबानी हे सगळे त्यात आहे आणि अस्सल आहे. पण विनोदाने एक गोष्ट केली. कारकुनाचा तुटपुंजा पगार हा त्याच्या स्वभावाचा भाग करून टाकला, जणू चष्मा किंवा छत्री. स्वभावाला कोण जाब विचारणार? आम्ही स्वतः त्या वर्गातले आणि त्या पुस्तकांवर पोसलेले. म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

आता आमच्या गावच्या गोष्टीकडे येतो, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहावासा वाटला. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. पुढे ती अवसायनात गेली आणि कामगारांचा थकलेल्या देण्यांसाठी न्यायालयीन लढा सुरू झाला. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायक व कामगार संघटनेच्या प्रतिनिधींच्या हवाली झाला. सुमारे ४,८०० कामगारांना त्याचा लाभ होणार असे सांगण्यात आले. समारंभ झाला, मथळे झळकले, पेढे वाटले गेले. अनेक घरांत पेढा घ्यायला मूळ माणूस उरला नव्हता, वारसांनी घेतला. गावातल्या हिंदी-मराठी लेखकांनी यावर लिहिले, आणि चांगले लिहिले. बत्तीस वर्षांची प्रतीक्षा, भिंतीवरचा हार घातलेला फोटो, पेन्शनीविना गेलेले म्हातारपण, सारे आले.

त्या गृहस्थांच्या पद्धतीने आम्ही एक हिशेब करून पाहिला. २२४ कोटींना ४,८०० ने भागले तर माणशी सरासरी सुमारे चार लाख सहासष्ट हजार येतात. आकडा भरघोस वाटतो. आता औद्योगिक कामगारांचा तोच निर्देशांक घ्या. १९८२ हे पायाभूत वर्ष धरून १९९१-९२ ची सरासरी होती २१९. मध्यंतरी पाया दोनदा बदलला. २०१६ च्या पायावर डिसेंबर २०२३ चा आकडा १३८.८. दोन्ही मालिका जोडण्यासाठी सरकारने दिलेले गुणक २.८८ आणि ४.६३. गुणाकार केला की १,८५० येतात. म्हणजे १९९१ चा एक रुपया २०२३ मध्ये जवळजवळ साडेआठ रुपयांचा झाला होता. उलट बाजूने, हाती पडलेल्या चार लाख सहासष्ट हजारांची १९९१ च्या रुपयांत किंमत पंचावन्न हजारांच्या आसपास भरते. ही ढोबळ सरासरी आहे. कुणाला कमी मिळाले असतील, कुणाला जास्त. पण लोखंड्यांच्या अर्जातली पंधरा तारीख आठवा. पंधरा दिवसांच्या दिरंगाईने पगार किती घटतो हे १८८४ मध्ये ज्यांनी ओळखले, त्यांना बत्तीस वर्षांचा हिशेब कुणी समजावून सांगावा लागला नसता. समारंभावर लिहिणाऱ्या आमच्या लेखकांत हा भागाकार कुणी केला नाही. आम्हीही केला नव्हता; तेव्हा आम्हीही फोटोंवरच थांबलो.

यात धोरणाचा भाग आहे, नुसत्या दैवाचा नाही. अवसायनात गेलेल्या कंपनीच्या मालमत्तेवर पहिला हक्क कुणाचा, हा कायद्याचा प्रश्न. १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांची देणी बँकांच्या तारण कर्जाच्या बरोबरीला आणली गेली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ती बरोबरी ठेवली, पण अवसायनापूर्वीच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांपुरती. चोवीस महिने! ज्या कारखान्यात पगार त्याआधीपासून थकत आला असेल, तिथल्या कामगाराचे काय, हा प्रश्न त्या कलमातच लिहिलेला आहे, वाचणारा हवा.

आणि हे सर्व गिरणीबरोबर संपले, असेही नाही. २०१६ च्या पायाच्या नव्या निर्देशांकात अन्नाचा वाटा ४६ वरून ३९ टक्क्यांवर आला. लोक अन्नाव्यतिरिक्त गोष्टींवर अधिक खर्च करू लागले, असे त्याचे समर्थन आहे आणि ते खोटे नाही. पण ज्याच्या घरी डाळ-तेलाचाच खर्च मोठा आहे, त्याची महागाई या तक्त्यात पूर्वीपेक्षा कमी दिसणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच बदलली. निरनिराळे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. आजवर मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवून फंड व ग्रॅच्युइटी आखडती ठेवण्याची जी चाल होती, तिला यामुळे लगाम बसावा अशी अपेक्षा. त्याच वेळी काहींच्या हाती पडणारी रक्कम घटेल, कारण फंडाची कपात मोठ्या आकड्यावर होईल. आजचे दोनशे की म्हातारपणचे दोन हजार, हा झगडा घराघरात होणार आहे. सासू-सून, बाप-मुलगा, नवरा-बायको यांच्यात. कथालेखकांनी कान टवकारायला हरकत नाही.

करांचेही तेच. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीने बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न प्राप्तिकरातून सुटले, तेव्हा आमच्या मंडळात चहाच्या वेळी त्याखेरीज दुसरा विषय नव्हता. ज्यांनी प्राप्तिकर कधी भरलाच नाही, त्या मंडळाच्या शिपायाने कपबशा उचलताना विचारले, “आपल्याला काही?” त्याचा कर साबणात होता, चपलेत होता, मोबाइलच्या रिचार्जमध्ये होता, १ जुलै २०१७ पासून त्याचे नाव जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे बरेचसे दर पाच आणि अठरा टक्क्यांवर आणले गेले, काही वस्तू स्वस्तही झाल्या. पण हा कर पावतीवरच्या बारीक अक्षरात असतो आणि शिपायाला पावती मिळतेच असे नाही. फुल्यांनी मिठाच्या करावर जो घाव घातला तो याच जागी: गरिबाने भरलेला कर त्याला स्वतःलाही दिसत नाही.

मागच्या महिन्यात ते गृहस्थ पुन्हा आले. त्यांना आम्ही मुद्दाम बोलावले होते. कापडी पिशवीत सुतळीने बांधलेला पगारचिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. काही पिवळ्या पडलेल्या, काहींवर तेलाचे डाग. आम्ही चौघे-पाच जण टेबलाभोवती बसून त्या वाचू लागलो. मूळ वेतन, महागाई भत्ता, हजेरी, फंड, विमा, व्यवसाय कर, उचल. प्रत्येक ओळीशी काका थांबत आणि सांगत: ही उचल थोरल्याच्या शाळेची, ही हजेरी कापली ती आई गेली तेव्हाची, हा महिना सतरा दिवसांचा कारण सूत आले नाही. दोन तास गेले. सगळ्या चिठ्ठ्यांत शेवटच्या आधीच्या रकान्यात ‘इतर’ अशी एक कपात होती, कधी दोन रुपये, कधी साडेतीन. ती कशाची, असे आम्ही विचारले. काकांनी चष्मा काढून पुसला, चिठ्ठी दिव्याजवळ धरली आणि म्हणाले, “हेच तर विचारायला गेलो होतो एकदा खिडकीवर. बाबू म्हणाला, मागे रांग आहे.”